खेळाचे जग आणि त्याची पेटी

पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्याने ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांना कंटेनर या वस्तूची ओळख करून द्यावयास नको. एकामागून एक अवजड ट्रेलर चाललेले असतात आणि प्रत्येकाच्या पाठीवर तांबडी, निळी किंवा करडी लोखंडी पेटी असते. आत काय आहे हे चालकाला बहुधा ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. न्हावाशेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले, तेव्हापासून हे दृश्य त्या भागाच्या अंगवळणी पडले आहे. पेटीचे माप ठरलेले, तिच्या कोपऱ्यांची घडण ठरलेली. म्हणून यारी न्हावाशेव्याची असो की रॉटरडॅमची, ती तिला सारख्याच सहजतेने उचलते. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन नावाच्या एका अमेरिकन ट्रकवाहतूकदाराने अशा ५८ पेट्या ‘आयडियल एक्स’ या जहाजावर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला रवाना केल्या. सुटा माल जहाजावर चढवण्यास तेव्हा टनामागे जवळजवळ सहा डॉलर खर्च येई. तेच काम पेट्यांमुळे सोळा सेंटांच्या आसपास होऊ लागले. जगाच्या व्यापारात एवढी मोठी क्रांती एका बिनबोभाट लोखंडी डब्याने घडवली, ही गोष्ट मला नेहमीच नवलाची वाटत आली आहे.

संगणकशास्त्रज्ञांनी हा शब्द उचलला तो काही उगाच नव्हे. मात्र मी आज बोलणार आहे ते व्यापाराविषयी नाही, खेळाविषयी. निरनिराळ्या गावी बसलेल्या मुलांनी एकाच वेळी, एकाच काल्पनिक जगात खेळावे, यासाठी कोठेतरी एक यंत्र अहोरात्र जागे ठेवावे लागते. ते यंत्र, म्हणजे त्यावरील सर्व्हर, हल्ली पुष्कळदा अशा एका अदृश्य पेटीत घालून चालवतात. ते कसे चालते, त्यात सोय कोणती आणि धोका कोणता, हे मला स्वतःला थोडी किंमत देऊन कळले.

खेळाचा सर्व्हर म्हणजे काय, ते आधी पाहू. क्रिकेटच्या मैदानावर पंच असतो. चेंडू पायाला लागला की बॅटला, याविषयी गोलंदाज आणि फलंदाज यांची मते सहसा जुळत नाहीत; निर्णय पंचाचा. अनेकांनी मिळून खेळावयाच्या संगणकीय खेळात हीच अडचण शतपटीने वाढते. इंदूरच्या मुलाच्या पडद्यावर दार उघडे आहे आणि हैदराबादच्या मुलीच्या पडद्यावर ते मिटलेले आहे, असे झाले तर खरे कोणते मानावयाचे? म्हणून सर्वांचे म्हणणे एका ठिकाणी पाठवले जाते, तेथे निवाडा होतो आणि तो निवाडा सर्वांना कळवला जातो. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा खेळ लिहावयास घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल याने तो वाढवला. त्यात चित्र नव्हते, नुसती अक्षरे होती. परंतु अनेक माणसे एकाच वेळी एका जगात वावरतात आणि त्या जगाचा हिशेब एका मध्यवर्ती यंत्रावर राहतो, ही कल्पना त्यात पूर्णपणे होती. तिच्या मुळाशी गेल्या जवळजवळ अर्धशतकात फारसा बदल झालेला नाही.

मी ज्या खेळाविषयी बोलणार आहे तो माइनक्राफ्ट. स्टॉकहोमच्या मार्कुस पेर्सन याने तो मे २००९ मध्ये प्रथम लोकांपुढे ठेवला, नोव्हेंबर २०११ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती निघाली, आणि २०२३ साली त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे जाहीर झाले. घराघरांतून ज्या मुलांना आपण ‘काय ते ठोकळे घेऊन बसलात’ म्हणून बोलतो, ती बहुधा हाच खेळ खेळत असतात. त्यातले जग घनाकृती ठोकळ्यांचे. एक ठोकळा म्हणजे एक मीटर. खणावे, रचावे, पेरावे, आणि रात्री राक्षस येतात म्हणून दिवस मावळण्यापूर्वी डोक्यावर छप्पर करावे. जिंकणे-हरणे हा त्याचा आत्मा नव्हेच. मुले त्यात गावे वसवतात. वाडे, पूल, विहिरी, आगगाड्या, आणि एकमेकांच्या घराखालून चोरून काढलेली भुयारेसुद्धा!

या जगाचा हिशेब ठेवणारा सर्व्हर सेकंदाला वीस वेळा सारे जग पुढे सरकवतो. म्हणजे एका पावलास पन्नास सहस्रांश सेकंद. तेवढ्या अवधीत गहू किती वाढला, पाणी कोठवर वाहिले, कोणता राक्षस कोणाच्या मागे लागला, हे सारे मांडून व्हावे लागते. हे काम बव्हंशी एकाच धाग्याने, एकामागून एक असे चालते. त्यामुळे यंत्राला सोळा मेंदू असले तरी त्यांपैकी एकावरच मुख्य भार येतो. हिशेब वेळेत झाला नाही की जग अडखळते: तोडलेला ठोकळा पुन्हा जागच्या जागी दिसतो, चालता माणूस दोन पावले मागे फेकला जातो. यात अंतराचाही वाटा असतो. काचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. हजार किलोमीटरवर जाऊन परत यावयास त्याला निदान दहा सहस्रांश सेकंद लागतात. बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील मुलांसाठी मुंबईतील भाड्याचे यंत्र उत्तम. तेच यंत्र युरोपात घेतले तर निरोप जाऊन यावयास शंभराहून अधिक सहस्रांश लागतात आणि मुले कुरकुर करू लागतात. आणि घरच्याच संगणकावर सर्व्हर का चालवू नये, असे कोणी विचारील, तर आपल्याकडील अनेक जोडण्यांत शेकडो घरांचा मिळून बाहेरचा एकच पत्ता असतो. चाळीच्या दारावर पाटी एक आणि आत बिऱ्हाडे शंभर. बाहेरून आलेल्या पाहुण्याने कोणते दार ठोठवावे?

तर असे एक यंत्र भाड्याने घेतले. आता त्यावर हा सर्व्हर बसवावयाचा. सर्व्हर जावा नावाच्या भाषेत लिहिलेला; त्याला जावाची विशिष्ट आवृत्ती लागते. खेळाची आवृत्ती बदलली की जावाचीही बदलावी लागते. त्याच यंत्रावर दुसरे एखादे काम जुन्या जावावर चालत असेल तर दोघांचे भांडण. एका स्वयंपाकघरात दोन सुगरणी, असा हा प्रकार. पेटीची कल्पना येथे उपयोगी पडते. सर्व्हर, त्याला हवी तीच जावा, तिला लागणारी बारीकसारीक साधने, हे सगळे एकत्र बांधून एक साचा तयार करावयाचा. त्या साच्यावरून हवी तेव्हा पेटी उभी करावयाची. शेजारच्या पेटीत काय आहे याची हिला गंधवार्ता नाही. माझ्या यंत्रावर जी पेटी चालते तीच तुमच्याही यंत्रावर, यत्किंचित फरक न होता, चालते.

ही पेटी म्हणजे दुसरा संगणक नव्हे, हे मात्र नीट ध्यानी घेतले पाहिजे. ती एक समजूत आहे. पेटीतील कार्यक्रम त्याच लिनक्सच्या गाभ्यावर चालत असतो. फक्त त्याला यंत्राचा जेवढा भाग दाखवला तेवढाच दिसतो. मुळे जुनी आहेत. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत एखाद्या कार्यक्रमाला ‘हीच तुझी सारी पृथ्वी’ असे म्हणून एका कप्प्यात बसवण्याची सोय आली. २००० साली फ्रीबीएसडीमध्ये तिच्यावर अधिक भक्कम असे ‘तुरुंग’ बांधले गेले. २००२ पासून लिनक्समध्ये निरनिराळ्या प्रकारचे आडपडदे येऊ लागले. कोणी किती स्मृती आणि किती गणनशक्ती वापरावी याचे रेशनिंग गूगलमधील अभियंत्यांनी २००६ मध्ये लिहावयास घेतले आणि ते जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात सामील झाले. हे सुटे भाग सामान्य माणसाच्या हाती येतील असे एकत्र जोडले ते डॉकरने. मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे एका परिषदेत सॉलोमन हाइक्स याने अवघ्या पाच मिनिटांच्या भाषणात ते लोकांपुढे मांडले. पेट्यांची मापे सर्वांनी एकच ठेवावी यासाठी २०१५ साली एक समितीही झाली. मॅक्लीनच्या पेट्यांचाही इतिहास असाच आहे. पेटी निघाली एका वर्षी, आणि सगळ्यांची पेटी एका मापाची व्हावयास पुढे पुष्कळ वर्षे गेली.

आता माझी गोष्ट सांगतो. २०२० च्या उन्हाळ्यात सारा देश घरात कोंडला गेला होता. माझ्या दोन बहिणी, एक इंदूरला, एक बडोद्याला. धाकटा भाऊ हैदराबादेस. दरवर्षी मे महिन्यात ही सारी पोरे आमच्या घरी जमत, गच्चीवर गाद्या पसरत, आणि आंब्यांचा फडशा पाडत. त्या वर्षी कोणीच येणार नव्हते. मी एक यंत्र भाड्याने घेतले, पेटी तयार केली आणि पोरांना पत्ता दिला. हा सर्व्हर पहिल्यांदा चालू करताना एक गंमत होते. तो सुरू होतो आणि लगेच बंद पडतो. कारण कराराच्या अटी मान्य असल्याचे आपण एका फायलीत लिहून दिलेले नसते. २०१४ पासूनची ही रीत आहे. पहिल्यांदा चालवणारा हमखास येथे तासभर चुकीच्या जागी दोष शोधतो. मीही शोधला.

अडीच महिन्यांत पोरांनी त्या जगात एक गाव वसवले. आमच्या जुन्या घराची त्यांनी आठवणीने रचना केली होती. ओटा, माजघर, परसातला आड, आणि आता नसलेले फणसाचे झाड. इंदूरच्या भाचीने माझ्या आईसाठी तुळशीवृंदावन बांधले होते आणि आईला ते दूरध्वनीवर दाखवलेही होते. जुलैमध्ये खेळाची नवी आवृत्ती आलेली होती. पोरांनी ती मागितली. मी नवा साचा बांधला, जुनी पेटी थांबवली, काढून टाकली, आणि नवी उभी केली. तीन आज्ञा, दोन मिनिटे. पोरे आत शिरली तेव्हा ती एका निर्मनुष्य समुद्रकिनाऱ्यावर उभी होती. दूरध्वनी वाजला. भाची म्हणाली, “मामा, आमचं गाव कुठं गेलं?”

झाले होते ते असे. साचा हा एकावर एक रचलेल्या थरांचा असतो आणि ते थर न बदलणारे असतात. पेटी चालू झाली की त्यांच्यावर एक पातळ, लिहिण्याजोगा थर अंथरला जातो. पेटीत जे काही नवे लिहिले जाते ते त्या थरावर. पाटीवरच्या अक्षरांसारखे म्हणा. पेटी थांबवली, पुन्हा चालू केली, तरी ती अक्षरे राहतात. म्हणूनच माणूस फसतो. परंतु पेटी काढून टाकली की तो थर तिच्याबरोबर जातो. अडीच महिने त्या पोरांचे घर मी पाटीवर ठेवले होते, आणि मीच ती पाटी पुसली होती.

हा दोष पेटीचा नव्हे. पेटी टाकून देता यावी, हाच तर तिचा गुण. बिघडली, टाकली, नवी उभी केली. तिच्यावर माया ठेवण्याचे कारण नाही. माया ज्यावर ठेवावयाची ते जग पेटीच्या बाहेर ठेवावे लागते. यंत्राच्या तबकडीवर एक जागा राखून ठेवावी आणि पेटीला सांगावे की आत जी ‘डेटा’ नावाची खोली दिसते तिचे दार या बाहेरच्या जागेत उघडते. मग पेटी कितीही वेळा बदला, जग जागच्या जागी. एका ओळीची सूचना आहे ही. शिकवणारी पुस्तके ती देतातही, पण बहुधा चौथ्या-पाचव्या प्रकरणात. माझ्या मते ती पहिल्या पानावर, पेटी कशी चालू करावी त्याच्याही आधी असावयास हवी.

भाचीला मी हे सारे समजावून सांगितले नाही. चूक माझी झाली, एवढेच सांगितले. ती रागावली नाही. चार दिवस बोलली नाही इतकेच. पाचव्या दिवशी मुले पुन्हा बांधू लागली.

त्यानंतर मी जरा सावध झालो, तरी पेटीचे आणखी दोन-तीन स्वभाव कळावयाचे होते. एक स्मृतीचा. मी पेटीला चार गिगाबाइटची मर्यादा घातली आणि आतल्या जावालाही चारच गिगाबाइट वापर म्हणून सांगितले. हिशेब बरोबर दिसतो. पण जावा ज्याला आपला ढीग म्हणते त्याखेरीज तिला स्वतःच्या संसारासाठी वेगळी स्मृती लागते. घरात चार माणसांचाच तांदूळ भरला आणि स्वयंपाक करणारी जेवणारच नाही असे धरले, तसा तो हिशेब. खेळ रंगात आला की बेरीज मर्यादेपलीकडे जाई, आणि लिनक्सचा गाभा कसलीही सूचना न देता कार्यक्रम ठार करी. मागे फक्त एक आकडा राही: १३७. एकशे अठ्ठावीस अधिक नऊ. आणि नऊ म्हणजे जो संकेत कोणालाही अडवता येत नाही तो. जुन्या जावाचा प्रकार तर याहून चमत्कारिक होता. पेटीला मर्यादा आहे हेच तिला कळत नसे. साऱ्या यंत्राची स्मृती आपलीच समजून ती हातपाय पसरी. २०१८ मध्ये जावाला पेटीच्या भिंती दिसू लागल्या. तरीदेखील ढीग मर्यादेच्या तीनचतुर्थांशाहून मोठा ठेवू नये, असे मी अनुभवाने ठरवले आहे.

दुसरा स्वभाव थांबण्याचा. पेटी थांबवा म्हटले की डॉकर आतल्या पहिल्या कार्यक्रमाला सभ्यपणे सांगतो, ‘आवरा’. दहा सेकंद वाट पाहतो. आणि मग तोच नवव्या क्रमांकाचा संकेत पाठवतो. माइनक्राफ्टचा सर्व्हर हा निरोप मिळाला तर जग तबकडीवर नीट लिहून मगच मिटतो. पण अनेकदा आतला पहिला कार्यक्रम म्हणजे सर्व्हर नसतोच, सर्व्हरला चालू करून देणारी एक छोटी संहिता असते. ती दारवानासारखी दारात उभी. निरोप ऐकते आणि आत सांगतच नाही. दहा सेकंद संपतात, आणि जग अर्धे लिहिलेले असताना दिवा मालवला जातो. मोठे जग असेल तर निरोप पोहोचूनही दहा सेकंद पुरत नाहीत. यास्तव दारवानाने चालू करून देताच आपली जागा सर्व्हरला सोडावी अशी व्यवस्था करावी, आणि अवधी दहाचा साठ सेकंद करावा. दोन्ही गोष्टी सोप्या आहेत. त्या करावयाच्या असतात हे कळणे तेवढे अवघड.

तिसरी बाब साच्याच्या नावाची. ‘सर्वांत नवा’ या नावाचा साचा मागवण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्याचा अर्थ, एखाद्या पहाटे यंत्र पुन्हा चालू होते आणि मुलांचे जग न विचारता पुढच्या आवृत्तीत उघडले जाते. नोव्हेंबर २०२१ मध्ये निघालेल्या १.१८ या आवृत्तीत जगाची उंचीच २५६ ठोकळ्यांवरून ३८४ झाली. जमिनीच्या खाली आणखी पाताळ उघडले. जुने जग अशा आवृत्तीत एकदा उघडले की ते बदलते, आणि पुन्हा जुन्या आवृत्तीत सुखरूप आणता येत नाही. म्हणून साच्याचे नाव आकड्यासह लिहावे आणि आवृत्ती बदलावयाची ती दिवसाउजेडी, जगाची प्रत बाजूला काढून ठेवून मगच.

प्रतीचे म्हणाल तर तीही नुसती नक्कल करून भागत नाही. हे जग बत्तीस गुणिले बत्तीस तुकड्यांच्या फायलींत साठवलेले असते. एकेका फायलीत ५१२ मीटर लांब आणि तेवढाच रुंद प्रदेश मावतो. आपण नक्कल करीत असताना सर्व्हर त्यांत लिहीतच असेल, तर नक्कल झालेल्या गावात पुलाचा एक काठ आजचा आणि दुसरा कालचा, असे व्हावयाचे. म्हणून सर्व्हरला आधी सांगावे, ‘लिहिणे थांबव’, मग, ‘आजवरचे सारे उतरव’, नक्कल घ्यावी, आणि आठवणीने सांगावे, ‘पुन्हा लिहू लाग’. हे शेवटचे वाक्य विसरणारी माणसे आहेत. मी अजून विसरलेलो नाही, एवढेच समाधान.

आणि ती प्रत त्याच यंत्रावर ठेवून स्वस्थ झोपू नये. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या संगणकगृहाला आग लागली आणि तिच्या चार इमारतींपैकी एक संपूर्ण जळाली. तेथे ‘रस्ट’ नावाच्या खेळाचे युरोपातील सर्व्हर होते. त्यांपैकी पंचवीस नष्ट झाले आणि त्यांवरील माहिती परत मिळणार नाही, असे तो खेळ बनवणाऱ्या मंडळींना जाहीर करावे लागले. मौज अशी, की त्या खेळात दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सारा नकाशा नियमाने पुसून टाकतात. पुसले जाणार हे ठाऊक असलेल्या जगाविषयीही लोक हळहळले! आपल्या हाताने पुसणे निराळे आणि आगीने पुसणे निराळे, हे जो कोणी गणपती विसर्जन करून आला आहे त्याला सांगावे लागू नये.

पेटीच्या भिंतींविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण लोकांचा त्यांवर नको तितका भरवसा असतो. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या जगात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या, नोंदी ठेवणाऱ्या एका संग्रहात भयंकर छिद्र सापडले. लॉगफोरजे हे त्याचे नाव. माइनक्राफ्टचे सर्व्हर त्याचे पहिले बळी ठरलेल्यांत होते, आणि हल्ल्याची रीत पाहून अंगावर काटा यावा अशी होती. खेळता खेळता गप्पांच्या चौकटीत एक विशिष्ट ओळ लिहावयाची. सर्व्हर ती ओळ इमानदारीने नोंदवहीत उतरवी, आणि उतरवता उतरवता तिच्यातील आज्ञेप्रमाणे परक्या यंत्राकडून कार्यक्रम आणून चालवी. तीव्रता मोजण्याच्या दहा अंकी मापावर या छिद्राला दहापैकी दहा मिळाले. १० डिसेंबरला खेळाची दुरुस्त आवृत्ती आली. मी त्या रात्री बसून साचा बदलला. तोवर ज्यांचा सर्व्हर पेटीत होता ते थोडे अधिक सुरक्षित होते हे खरे. शिरलेला चोर निदान एका खोलीत अडकला असता. परंतु या भिंती पार्टिशनच्या, विटांच्या नव्हेत. गाभा सर्वांचा एकच. पेटीत सर्वाधिकारी म्हणून कार्यक्रम चालवला, किंवा यंत्राच्या तबकडीचा नको तेवढा भाग आत उघडा ठेवला, तर भिंत असून नसल्यासारखी होते.

दाराचेही तसेच. या सर्व्हरचे दार २५५६५ क्रमांकाचे. पेटीचे दार बाहेर उघडताना डॉकर यंत्राच्या रक्षकभिंतीत स्वतःच वाट पाडतो. आपण ‘यूएफडब्ल्यू’ या साध्या साधनाने सारी दारे बंद केली असली तरी हे उघडेच राहते. अनेकांना हे कित्येक महिने कळत नाही. उलट, मोबाइलवरील आवृत्तीसाठी १९१३२ क्रमांकाचे दार लागते आणि तेथे निरोप निराळ्या पद्धतीने जातात. ती पद्धत स्पष्ट सांगितली नाही तर दार उघडे असूनही पाहुणा बाहेर तिष्ठत राहतो. आणि मुलांच्या जगाला एक यादी असावीच: या यादीतील नावे तेवढीच आत येतील. दार शोधत फिरणारे कार्यक्रम रात्रंदिवस साऱ्या पृथ्वीवरील पत्ते चाचपत असतात. आमच्या नोंदवहीत परक्या ठोठावण्या दररोज दिसत. ज्या घराचा पत्ता सात पोरांखेरीज कोणाला दिला नव्हता त्या घराच्या दारावर!

दुसरे गाव आजही उभे आहे. त्यात पहिल्यासारखा फणस नाही; मुलांच्या मते पहिला अधिक चांगला होता, आणि मी वाद घालत नाही. आई २०२३ मध्ये गेली. तुळशीवृंदावन भाचीने पुन्हा बांधले होते, ते अजून तेथे आहे. ती आता अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि सर्व्हर तीच सांभाळते. गेल्या दिवाळीत तिने मला न सांगता एक प्रयोग केला. भाड्याचे यंत्र बंद केले, स्वतःच्या जुन्या संगणकावर रिकामी पेटी उभी केली, रविवारी काढलेली प्रत तिला जोडली, आणि मला दूरध्वनी केला. “मामा, जरा आत येऊन बघ, सगळं आहे का.” मी आत गेलो. ओट्यापासून आडापर्यंत चालून पाहिले. परसातल्या एका दिव्याखेरीज सारे होते. तो दिवा तिच्या धाकट्या भावाने सोमवारी लावला होता.